आल्फ्रेड बिने : मोजणारा आणि मापाची मर्यादा जाणणारा

बी. एड.च्या पाठ्यपुस्तकांत आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या वाट्याला साधारणतः एखादा परिच्छेद येतो. १९०५ साली त्याने थिओडोर सायमन या तरुण डॉक्टरच्या साहाय्याने बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य कसोटी तयार केली, १९०८ व १९११ साली तिच्यात सुधारणा केल्या, एवढे पाठ केले की परीक्षार्थ्याचे काम भागते. पुढच्याच ओळीत बुद्ध्यंकाचे सूत्र येते आणि तेही बिनेचेच असावे अशी समजूत नकळत रुजते. वस्तुतः मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना जर्मनीतील विल्यम स्टर्नने १९१२ साली मांडली. त्यापूर्वीच बिनेचा मृत्यू झाला होता. त्या अंकाचा पुढे जो अर्थ रूढ झाला, म्हणजे जन्मतः मिळालेली आणि आयुष्यभर न बदलणारी बुद्धीची मात्रा, तो अर्थ तर बिनेने आपल्या लेखनात स्पष्ट शब्दांत नाकारला होता. कसोटी एकाची आणि तिचा उपयोग दुसऱ्यांचा, असे हे प्रकरण आहे. ते नीट समजायचे तर कसोटीपेक्षा कसोटीकाराचे आयुष्य आधी पाहावे लागते.

बिनेचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील विभक्त झाल्यावर आई मुलाला घेऊन पॅरिसला आली. त्याने १८७८ साली कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. वैद्यकाचा अभ्यास आरंभला, तोही सोडला. घरची स्थिती बरी असल्यामुळे पोटाची चिंता नव्हती. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून तो मानसशास्त्राची पुस्तके वाचू लागला आणि त्याच बळावर १८८० साली त्याने पहिला निबंध प्रसिद्ध केला. बेल्जियममधील ज्येष्ठ अभ्यासक जोसेफ देलबफ याने त्यातील नावीन्याचा दावा खोडून काढला. या देलबफशी बिनेची गाठ पुन्हा एकदा पडायची होती, आणि ती अधिक महागात पडायची होती.

१८८३ च्या सुमारास बिने पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तिन शार्कोच्या छत्राखाली काम करू लागला. शार्को हा त्या काळी युरोपातील मज्जाविकारांचा सर्वश्रेष्ठ तज्ज्ञ मानला जात असे. त्याच्या दरबारात संमोहनाचे प्रयोग चालत. बिने आणि त्याचा सहकारी शार्ल फेरे यांनी जाहीर केले, की संमोहित रुग्णाच्या शरीराजवळ लोहचुंबक नेला असता एका बाजूचा पक्षाघात दुसऱ्या बाजूला सरकतो आणि दुःखाची भावना उलटून आनंदाची होते. शोध विलक्षण होता. मात्र देलबफने पॅरिसला येऊन हे प्रयोग स्वतः पाहिले, तेव्हा त्याला दिसले ते असे : प्रयोगकर्ते रुग्णासमोरच काय घडणार याची चर्चा करीत होते, आणि रुग्ण त्यांच्या अपेक्षेबरहुकूम वागत होता. चुंबकाचा काही प्रभाव नव्हता, प्रभाव होता तो सूचनेचा. बिनेने प्रारंभी जोरात प्रतिवाद केला. काही वर्षांनी मात्र त्याला माघार घ्यावी लागली आणि १८९० च्या सुमारास तो त्या रुग्णालयातून बाहेर पडला.

या पराभवाचा उल्लेख चरित्रकार बहुधा तारुण्यातील एक अपघात म्हणून करतात. पण बिनेच्या पुढील सर्व कामाची किल्ली येथेच आहे. मोजणाऱ्याला जे हवे असते ते मोजमापात उतरते, आणि ज्याला मोजायचे त्यालाही ते हवे असणे कळते, हा धडा त्याने घेतला आणि तो विसरला नाही.

दरम्यान १८८४ साली त्याचा विवाह एदुआर बाल्बियानी या गर्भविज्ञानाच्या प्राध्यापकाच्या कन्येशी झाला होता. मादलेन आणि आलिस या दोन मुली झाल्या आणि रुग्णालयातून बाहेर पडलेल्या या संशोधकाला घरातच प्रयोगशाळा सापडली. फ्रान्सिस गॉल्टन आणि त्याचे अनुयायी त्या काळी बुद्धीचा शोध इंद्रियांच्या तीक्ष्णतेत घेत होते : स्पर्श किती सूक्ष्म, घंटा वाजल्यावर बोट किती त्वरेने उचलते, असे. बिनेने हेच प्रयोग आपल्या चिमुरड्या मुलींवर केले. लक्ष असेल तेव्हा त्यांचे बोट प्रौढांइतक्याच वेगाने उचलले जात असे. मग चार वर्षांच्या मुलीत आणि प्रौढात फरक तो कोणता? तो लक्ष टिकवण्यात, शब्दाचा अर्थ सांगण्यात, तुलना करण्यात. म्हणजे बुद्धी पाहायची तर साध्या इंद्रियक्रिया सोडून गुंतागुंतीच्या मानसिक व्यवहारांकडेच जायला हवे. अमेरिकेत १९०१ साली क्लार्क विसलरने कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या अशा इंद्रियमापनांचा त्यांच्या परीक्षेतील यशाशी काही संबंध आहे का हे तपासले आणि तो जवळजवळ नसल्याचे आढळले. माप अचूक असूनही ते ज्याचे म्हणून सांगितले जाते त्याचे नसू शकते. शिक्षणशास्त्रात यालाच सप्रमाणतेचा प्रश्न म्हणतात. विश्वसनीय तराजूने आपण भलतीच वस्तू तोलत नाही ना, असा तो साधा प्रश्न आहे.

या घरगुती प्रयोगांत बिनेला आणखी एक गोष्ट दिसली. दोघी बहिणी एकाच घरात वाढत होत्या, तरी मादलेन सावध आणि एकाग्र, तर आलिस उतावळी आणि कल्पनेत रमणारी होती. दोघींना एकाच रांगेत उभे करून कोण पुढे, कोण मागे हे सांगण्यात काय अर्थ होता? १९०३ साली बुद्धीच्या प्रायोगिक अभ्यासावर त्याने जो ग्रंथ लिहिला त्याचा मोठा भाग टोपणनावाने आलेल्या या दोन मुलींच्या विचारपद्धतींतील भेदाला वाहिलेला आहे. बुद्धिमापनाचा जनक म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या या महत्त्वाच्या ग्रंथात बुद्धीचा एकही अंक नाही.

१८९१ साली एका रेल्वे स्थानकावर बिनेची ओंरी बोनीस याच्याशी गाठ पडली. बोनीस सोरबोन येथील मानसशास्त्रीय प्रयोगशाळेचा संचालक होता. बिनेने विनावेतन काम करण्याची तयारी दाखवली, आणि काही वर्षांतच बोनीसच्या निवृत्तीनंतर तो त्याच्या जागी आला. कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून त्याने १८९४ साली डॉक्टरेट मिळवली, एक वार्षिक नियतकालिक काढले, डोळे बांधून बुद्धिबळ खेळणाऱ्यांचा आणि तोंडी प्रचंड गणिते करणाऱ्या ज्याक इनोदीचा अभ्यास केला; पुढे आंद्रे द लॉर्द या नाटककाराच्या सहकार्याने भयनाट्येही लिहिली. एवढे करूनही फ्रान्समधील एकाही विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद दिले नाही. कॉलेज द फ्रान्समधील अध्यासन १९०२ साली प्येर जानेकडे गेले. विद्यापीठीय निवडीच्या कसोट्यांची सप्रमाणता हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. असो.

शतक संपता संपता बिने मस्तकमापनाकडे वळला. डोके जितके मोठे तितकी बुद्धी अधिक, हे पॉल ब्रोकाचे मत फ्रान्समध्ये प्रतिष्ठित होते आणि बिनेलाही ते प्रारंभी मान्य होते. त्याने शाळाशाळांतून हुशार आणि मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची डोकी मोजली. फरक निघाला तो जेमतेम मिलिमीटरच्या आसपासचा. त्यानंतर जे घडले ते विज्ञानाच्या इतिहासात विरळा आहे. एका मनोरुग्णालयातील मंदबुद्धी मुलांची मापे त्याने आणि सायमनने वेगवेगळी घेतली होती. सायमनची मापे सातत्याने कमी भरत होती. बिनेने तीच डोकी पुन्हा मोजली. या वेळी फरक कमी व्हावा ही इच्छा मनात होती, आणि मापे खरोखरच सरासरी तीन मिलिमीटरांनी घटली. हुशार आणि मठ्ठ यांच्यात सापडलेल्या फरकापेक्षा संशोधकाच्या मनातील अपेक्षेने पडलेला फरक मोठा होता! ही हकीकत बिनेने स्वतःच छापून प्रसिद्ध केली आणि मस्तकमापन सोडून दिले. चुंबकाच्या वेळी त्याची चूक दुसऱ्याने दाखवली होती, या वेळी ती त्याने स्वतः पकडली.

१९०४ साली शासनाचे बोलावणे आले. १८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले होते. त्यापूर्वी जी मुले शाळेत टिकत नसत ती निमूटपणे शेतावर किंवा कारखान्यात जात. आता ती वर्गात बसू लागली आणि शिक्षकांना प्रश्न पडू लागले. अशा मुलांसाठी स्वतंत्र वर्ग काढावेत असा विचार पुढे आला आणि शिक्षणमंत्र्यांनी समिती नेमली. कोणत्या मुलाला या वर्गात पाठवायचे हे ठरवणार कोण? शिक्षक खोडकर मुलाची ब्याद टाळण्यासाठी त्याचे नाव पुढे करील; आईबाप लाजेपोटी किंवा सोयीसाठी वस्तुस्थिती दडवतील; आणि डॉक्टरांची प्रमाणपत्रे ताडून पाहता बिनेला असे आढळले, की एकाच मुलाचे निदान वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे होत होते. मुलाला अन्यायापासून वाचवायचे तर सर्वांना सारखे विचारता येतील असे प्रश्न हवेत, ही त्याच्या कसोटीमागील प्रेरणा होती.

१९०५ च्या पहिल्या श्रेणीत तीस प्रश्न होते. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक कळतो का, येथपासून आरंभ होऊन आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, वजनांचा क्रम लावणे, अमूर्त शब्दांतील भेद सांगणे येथवर ती जाई. १९०८ साली प्रश्न तीन ते तेरा वर्षांच्या वयोगटांत विभागले गेले. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे. पाच वर्षांच्याने चौकोन काढावा. मोठ्या मुलांनी विधानातील विसंगती ओळखावी. या विसंगतींत एका तरुणीच्या प्रेताचे अठरा तुकडे सापडले आणि तिने आत्महत्या केली असावी असा तर्क आहे, असा एक प्रश्न होता. भयनाट्ये लिहिणाऱ्या हाताची ती खूण म्हणायची. सुमारे दोनशे मुलांवर ही श्रेणी तपासली गेली होती आणि ही मुले पॅरिसमधील होती; बिनेने हे लपवले नाही.

या श्रेणीबरोबर त्याने ज्या सूचना दिल्या त्या प्रश्नांहून मोलाच्या होत्या. मुलाला शांत खोलीत, ओळख झाल्यावर, धीर देत तपासावे. नियमित हजेरी नसलेल्या, आजारपणात वर्षे गेलेल्या मुलाचे मागे पडणे वेगळे धरावे. शाळेतील प्रगतीत नऊ वर्षांखालील मूल दोन वर्षे आणि त्यावरील मूल तीन वर्षे मागे असेल तरच त्याची पुढील तपासणी करावी. म्हणजे कसोटी हा निर्णयाचा एकमेव आधार नव्हताच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही श्रेणी लांबी मोजावी तशी बुद्धी मोजत नाही, ती केवळ क्रम लावते, हे त्याने बजावून सांगितले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद परिचित आहे. ग्राहक एका वस्तूला दुसरीपेक्षा अधिक पसंती देतो एवढे सांगता येते. ती पसंती किती पट, हे सांगता येत नाही. आठ वर्षांचे मानसिक वय चार वर्षांच्या दुप्पट बुद्धी दाखवते असे म्हणणे हा पहिल्या तऱ्हेच्या मापावर दुसऱ्या तऱ्हेचे अंकगणित करण्याचा प्रकार आहे. भागाकार बिनेने केला नाही तो गणित येत नव्हते म्हणून नव्हे!

बेल्जियममध्ये देक्रोली आणि देगाँ यांनी १९१० साली हीच कसोटी ब्रुसेल्समधील मुलांना दिली, तेव्हा ती पॅरिसच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्ष पुढे आढळली. एखाद्याने यातून बेल्जियन वंशाचे श्रेष्ठत्व काढले असते. बिनेने मुलांच्या घरांची चौकशी केली. ब्रुसेल्सची मुले सुखवस्तू, सुशिक्षित कुटुंबांतील, तर त्याची स्वतःची पॅरिसमधील श्रमिक वस्तीतील होती. आणि मोठी तफावत होती ती भाषेच्या प्रश्नांत. घरात ऐकलेले शब्द कसोटीत बुद्धी म्हणून मोजले जात होते. १९११ च्या सुधारणेच्या वेळी हा विषय त्याच्या मनात होता.

पॅरिसच्या ग्राँज-ओ-बेल रस्त्यावरील एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक वाने यांच्या सहकार्याने बिनेने १९०५ मध्येच एक छोटी प्रयोगशाळा उघडली होती. तेथे मुलांची दृष्टी आणि श्रवणशक्तीही तपासली जाई, कारण फळा न दिसणारे मूल मठ्ठ ठरण्याचा संभव असतो. मागे पडलेल्या मुलांच्या वर्गांत त्याने मानसिक व्यायामाचा एक कार्यक्रम सुचवला. वाकडा पाय सरळ करणाऱ्या शास्त्राचे नाव त्याने त्याला दिले होते. मुलांनी शिक्षकाच्या इशाऱ्यासरशी पुतळ्यासारखे निश्चल उभे राहायचे. एका पुठ्ठ्यावरील वस्तू काही सेकंद पाहून त्यांची नावे आठवून लिहायची. खेळ भासावा असे हे प्रकार, पण लक्ष आणि इच्छाशक्ती यांची सवय लागल्यावाचून धडा डोक्यात शिरत नाही, हे त्याला ठाऊक होते. मुलांची प्रगती पाहायला आलेल्या काही लोकप्रतिनिधींनी वस्तू आठवण्याचा खेळ स्वतः खेळून पाहिला आणि ते मुलांपुढे फिके पडले. १९०९ च्या पुस्तकात बिनेने, बुद्धी वाढवता येते आणि ती वाढत नाही असे मानणारा शिक्षक मुलावर अन्याय करतो, हे मत आग्रहाने मांडले. म्हणून त्याच्या कसोटीची सप्रमाणता प्रश्नांच्या यादीत शोधून सापडणार नाही. कसोटीनंतर मुलाला काय मिळते, यावर ती अवलंबून होती.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बिनेचे निधन झाले. कसोटीला आता वारस हवे होते, आणि ते अमेरिकेत तयार होते. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत हेन्री गॉडर्डने १९०८ सालीच तिचे भाषांतर करून घेतले होते. १९१३ पासून त्याच्या साहाय्यकांनी एलिस बेटावर उतरणाऱ्या, प्रवासाने थकलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या स्थलांतरितांना दुभाष्यामार्फत हे प्रश्न विचारले आणि तपासलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के मंदबुद्धी ठरवले. मुद्दाम निवडलेल्या अल्पसंख्य व्यक्तींवरून हा निष्कर्ष निघाला होता. स्टॅनफर्डच्या लुई टर्मनने १९१६ साली स्टर्नच्या भागाकाराला शंभराने गुणले आणि बुद्ध्यंक जन्माला आला. पहिल्या महायुद्धात सतरा लाखांवर अमेरिकी सैनिकांच्या सामुदायिक चाचण्या झाल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगमने १९२३ साली युरोपातील वंशांची प्रतवारी लावली. १९३० साली त्याने ती चूक म्हणून मागे घेतली खरी, पण १९२४ चा कठोर स्थलांतर कायदा तोवर होऊन गेला होता. तो कायदा या चाचण्यांमुळेच झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याच्या समर्थकांना मात्र शास्त्राचा आधार सांगता आला.

व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुणीचे मानसिक वय याच कसोटीच्या अमेरिकी आवृत्तीने नऊ ठरले, तिच्या आईचे आठाहून कमी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली तिची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. तिची तान्ही मुलगी सात महिन्यांची असताना नुसत्या निरीक्षणावरून कमी प्रतीची ठरवली गेली होती. ती मुलगी पुढे शाळेत गेली, गुणवंतांच्या यादीत तिचे नाव लागले, आणि आठव्या वर्षी आजाराने वारली. मोजणाऱ्याच्या मनातील अपेक्षा मापात कशी उतरते हे बिनेने डोकी मोजताना पाहिले होते. येथे त्या अपेक्षेला न्यायालयाचा शिक्का मिळाला.

सायमन १९६१ पर्यंत हयात होता. बुद्ध्यंक हा कसोटीच्या मूळ हेतूचा विश्वासघात आहे, असे त्याचे मत शेवटपर्यंत कायम राहिले. त्याच्याच हाताखाली ग्राँज-ओ-बेलच्या शाळेत १९१९ नंतर झां पियाजे नावाचा तरुण स्विस अभ्यासक मुलांना प्रश्न विचारीत असे. त्याला बरोबर उत्तरांच्या संख्येपेक्षा चुकीची उत्तरे मुले कशी काढतात यात रस वाटू लागला आणि त्यातून बालमानसशास्त्राची एक नवी दिशा निघाली. मादलेन आणि आलिसच्या बापाला हे पाहून आनंद वाटला असता.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी बिनेच्या श्रेणीचे रूपांतर केले व १९३४ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर नागपूरला ए. जे. मालिन यांनी १९६९ च्या सुमारास भारतीय मुलांसाठी वेक्सलरच्या धर्तीवरील श्रेणी सिद्ध केली. बुद्धिमत्ता चाचणी हे शब्द मात्र सर्वसामान्य पालकांच्या परिचयाचे झाले ते शिष्यवृत्ती परीक्षेमुळे. त्या विषयाची मार्गदर्शके बाजारात मिळतात, सराव वर्ग चालतात, आणि ज्याच्या घरी मार्गदर्शक आणि वर्गाची फी दोन्ही येतात तो पुढे जातो. सरावाने गुण वाढतात हे सारेच मान्य करतात. तरीही निकालपत्रावर त्या गुणांना बुद्धिमत्ता असेच म्हटले जाते. ब्रुसेल्स आणि पॅरिसमधील दीड वर्षाच्या अंतराचा अर्थ ज्याने मुलांच्या घरी जाऊन शोधला, त्याला या निकालपत्राचे कोडे पडले नसते.

याच राज्यात दुसऱ्या एका खोलीतही तेच प्रश्न विचारले जातात. वाचनात आणि लेखनात सतत अडखळणाऱ्या मुलाला रुग्णालयात आणतात, मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धिचाचणी घेतो, आणि सर्वसाधारण बुद्धी असूनही अक्षरे जुळत नाहीत असे दिसले, तर त्याला अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळते. त्या कागदावर मुलाला शालान्त परीक्षेत वाढीव वेळ मिळतो.